फळ्यावरचा फेब्रुवारी

एरंडोलच्या शाळा नंबर चारच्या फाटकाशी एक फळा आहे,
अर्धा उन्हात, अर्धा लिंबाच्या सावलीत.
त्यावर दिनविशेष लिहायचं काम चित्रकलेच्या सरांचं.
पण ते पारोळ्याहून येतात,
आणि बस कुठलाच दिन पाळत नाही.
म्हणून मी लिहितो. वेडू आधार, शिपाई.
शिक्षण सातवी. अक्षर बरं.

दोन तारखेला पाणथळ भूमी दिन.
"पाणथळ म्हंजे काय हो काका?" हिरकणने विचारलं.
मी पुलाखालच्या अंजनीकडे बोट दाखवलं,
जिथे म्हशी बसतात तेवढ्याकडे.
तिने नाक मुरडलं.
दुपारी पाहिली मी तिला,
कठड्याला लटकून बगळे मोजताना.

चारला कर्करोग दिन.
खडू थांबला. रफार कुठे द्यायचा ते आठवेना.
धुळ्याच्या दवाखान्यात जिजाच्या कागदावर
हाच शब्द होता, इंग्रजीत.
तेव्हा मला तो वाचता आला नव्हता
आणि कुणी वाचूनही दाखवला नव्हता.
रफार दिला. अक्षर बरं आलं.

मग सहा, सात, आठ.
परिपत्रकात त्यांच्यापुढे नुसती रेघ.
फळा कोरा दिसला की पोरं अडतात,
"काका, आज कसाना दिन शे?"
सातला मी लिहून टाकलं:
'आज नबाबाईच्या ओट्यावर बिबडे वाळत आहेत.
सायकली हळू न्याव्यात.'
सगळी पोरं उतरून चालत गेली. एक बिबडा मोडला नाही.
मोठे सर म्हणाले, हे राष्ट्रीय नाही,
आंतरराष्ट्रीय तर नाहीच. पुसा.
पुसलं.

दहाला जंतनाशक दिन. गोळी मॅडमच्या समोर चावायची.
सुपडूने ती गालात धरली,
घरी शेळीला द्यायला. शेळीच खंगत चालली होती त्यांची.

तेराला रेडिओ दिन.
गोकुळच्या सलूनमध्ये आहे एक.
वायर बोटात धरून उभं राहिलं तर जळगाव लागतं.
मी उभा राहिलो. कापसाचे भाव ऐकले,
मग बोटं सोडली.

एकवीसला मातृभाषा दिन.
पाहुणे, नारळ, भाड्याचा माइक.
सर म्हणाले, आज ज्याने त्याने आपल्या घरच्या बोलीत बोलावं.
सुपडू उठला. त्यालाच आदल्या दिवशी
'शे' म्हटलं म्हणून बाकावर उभं केलं होतं.
माइक दोन्ही हातांनी धरून म्हणाला,
"मना बाप केळीना ट्रकवर शे.
दिल्लीले गया. आजून उना नही."
टाळ्या झाल्या.
पाहुणे म्हणाले, अहाहा, काय गोड बोली!
वीटभट्टीवरची झिंगलीही हात वर करून होती.
तिची पावरी कुणाला कळणार,
वेळ कमी होता,
तिला बसवलं.
ती हात खाली घ्यायला मात्र विसरली.

सत्तावीसला मराठी भाषा गौरव दिन.
'गौरव'च्या दोन्ही मात्रा मी सारख्या काढल्या.
निबंधाच्या वह्या मीच वर्गात पोचवतो:
सुपडूच्या पानावर सहा 'शे',
सहाही लाल गोलांत,
गुणांचा आकडा त्याहून लहान.

अठ्ठावीसला विज्ञान दिन. लिंबू, तांब्याची तार, इवलासा दिवा.
लागला नाही.
लिंबं संपल्यावर उरलेल्यांचं सरबत केलं
असं वहीत लिहू नका, मॅडम म्हणाल्या.

एक मार्चला नवं परिपत्रक आलेलं नव्हतं.
ओला फळा वाळत होता, कडेकडेने पांढरा.
सुपडू धावत आला, एका पायात चप्पल,
श्वास पुरेना.
"काका, बाप उना!"
मी खडू घेतला. शुद्ध की अशुद्ध,
तेवढा विचार करायला वेळच नव्हता.
'आज सुपडूना बाप उना.'

पोरं वाचत होती, मोठ्याने, एकामागून एक.
झिंगलीने बोट ठेवून वाचलं.
मोठे सर आले. चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.
म्हणाले, "उना नाही, वेडू. आला."
म्हटलं, "हो सर, आला."

मग मी डस्टर शोधायला लागलो.
बराच वेळ शोधत होतो.
ते माझ्याच खिशात होतं.