शेडपर्यंत एकेचाळीस पावलं

ऑर्कनीत झाडं कमी, वारा फार.
म्हणजे टेकायला काही नाही,
ढकलायला मात्र कुणीतरी सतत.

सत्तावीस वर्षं पहाटे तीनला उठून
स्ट्रॉमनेसच्या अरुंद गल्लीत मी भट्टी पेटवली.
जवाच्या काळपट भाकऱ्या, बॅनक म्हणतो आम्ही,
लोण्याच्या बिस्किटांचे चार ट्रे,
शनिवारी चीजचे पाव.
थकायचे तेव्हाही. पण तो थकवा माझा होता,
घाम गाळून कमावलेला,
उशाशी घेऊन झोपावं असा.

हा तसला नव्हे.
हा न विचारता येतो, भर सकाळी, केस विंचरताना.
कुणी मागून ओला, मिठानं जड झालेला
कोळ्याचा कोट खांद्यांवर टाकावा
आणि बटणंही लावून टाकावीत, गळ्यापर्यंत.
अर्धी वेणी घालून मी पलंगाच्या कडेला बसते.
शेजारची बार्बरा खिडकीतून ओरडते,
‘छान दिसतेस गं!’
दिसते. तेच तर.

ॲबर्डीनहून आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी
माझ्या मेंदूचा फोटो दाखवला. पांढरे ठिपके.
मला माझा काळा एप्रन आठवला,
पिठाच्या हातांनी झटकलेला.
‘उष्णता टाळा,’ त्या म्हणाल्या.
मी हसले. त्यांना कळलं नाही का ते.

भट्टी आता थोराकडे, भाचीकडे.
आणि लोणी गेलं, चीज गेलं, साय गेली.
बांगडा आला, भिजवलेलं जवस आलं,
कसल्याशा बिया आल्या, कोंबड्यांना घालतात तशा.
नर्स इशबेल सरळ बाई. म्हणाली,
यानं बरं होईल असं छातीठोक कुणी सांगणार नाही,
अंगाला हलकं वाटलं तर वाटलं.
कधी वाटतं.
फ्रिज उघडला की मात्र
चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरल्यासारखं होतं.

भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता आहे.
त्याच्या शेजारी पेन्सिलीनं मी माझा मांडलाय:
दहा ते बारा, पाणी. काय ते तेवढ्यात.
दोननंतर नुसता चिखल, आणि शंख.
समुद्र त्याचा तक्ता पाळतो.
माझा मला रोज खोडावा लागतो.

जूनमधली गोष्ट. रात्रीचे नऊ, लख्ख ऊन.
एरलेंड म्हणाला, ट्रॅक्टर बघून येतो.
आठवड्यात तिसऱ्यांदा.
ट्रॅक्टर दोन वर्षं बंद आहे.

मी निघाले मागोमाग. एकेचाळीस पावलं.
विसाव्याला खेकड्यांचा पिंजरा उलटा पडलाय,
त्यावर बसले. पाय माझे आहेत की नाहीत
ते ठरेपर्यंत थांबले. मग उरलेली.

तो दाराकडे पाठ करून बादलीवर बसलेला.
मांडीवर थोराची भाकरी, हातात चाकू,
चाकूवर बोटभर लोणी.
हनुवटी चमकत होती.
एकसष्ट वर्षांचा माणूस, चोरी पकडलेल्या पोरासारखा:
‘तुझ्यासमोर नको म्हणून…’

रागवायचं होतं.
पण रागाला लागतं तेवढं बळ
मी उद्याच्या आंघोळीसाठी राखून ठेवलं होतं.
टायरवर बसले. म्हटलं,
‘खा. पण टेबलावर बसून खा.
मला वास तरी येऊ दे घरात.’

त्यानं चाकू पँटला पुसला.
मी एक कोरा तुकडा मोडून घेतला.
मध्ये कच्ची होती.
‘थोराला सांग, अजून दहा मिनिटं ठेव म्हणावं.
तिला घाई फार.’
कितीतरी दिवसांनी माझी जीभ कामावर गेली होती.

परतताना पिंजऱ्यापाशी पुन्हा थांबलो.
मी वाऱ्याकडे पाठ केली,
सगळा भार त्याच्यावर टाकला.
धरलं त्यानं. एरलेंडचा हात जवळच होता, पण रिकामा.

‘किती पावलं झाली गं?’ त्यानं विचारलं.
‘तीस,’ म्हटलं.