मुर्गाबच्या पुढे

ओशहून निघालेला रस्ता
पांढऱ्या घोडीच्या खिंडीत धापा टाकतो.
आधी इथे उंटांचीच वाट होती,
मग फौज आली, सुरुंग आले,
आणि बऱ्याच वर्षांनी झुराकानचा बाप,
मैलाचे दगड चुन्याने रंगवत.

तेव्हा कोळसा यायचा. ट्रकभरून.
हात शेकत ड्रायव्हर बायकोची गाऱ्हाणी सांगायचे.

एका हिवाळ्यात देश संपला.
कोळसा वाटेतच राहिला कुठेतरी.
लोकांनी तेरेस्केनची झुडपं मुळासकट उपटली,
चुली पेटल्या, माळ बोडका झाला.

आता अलिचूरला झुराकान मासे तळते.
चिनी ट्रक थांबत नाहीत,
धूळ तेवढी देऊन जातात.

दारापुढच्या दगडावरचा आकडा पुसट झालाय,
तीनशे आणि पुढचं काही.
ती म्हणते, लिही मनाला येईल तो.
रस्त्याला कुठे वाचता येतं?