पंचवीस अँगस्ट्रॉम

काच आधी ॲसिटोनमध्ये, मग प्रोपॅनॉलमध्ये,
मग मी तिच्यावर हळूच ‘हाः’ करते.
सरांना हे पसंत नाही.
वाफ सारखी पसरली तर काच स्वच्छ,
ठिपके ठिपके उमटले तर परत धुवायची.
हे पुस्तकातलं नाही, अब्बांचं आहे,
इतवाऱ्यातलं, भात्यासमोरचं,
कल्हईचं पातेलं निवल्यावर
ते असंच तोंडाशी धरायचे.

विष्णुपुरीत मे महिना.
पंप सकाळपासून कण्हतोय.
सटवाजीमामा त्याचं तेल बघतात, म्हणतात,
‘बाई, एवढी हवा काढून ठेवलालीस कुठं?’
सातला काटा हवा तिथं येतो,
दहाचा उणे सहावा घात.
आत आता जवळजवळ काहीच नाही
आणि त्या काहीच-नाहीमध्ये
मॉलिब्डेनमच्या होडीत चिमूटभर थॅलोसायनीन,
नळाखालच्या बादल्या ज्यानं निळ्या होतात, तेच.

करंट वाढवते. भुकटी वितळत नाही,
सरळ उडते,
वर टांगलेल्या काचेला जाऊन बिलगते.
सेकंदाला अर्धा अँगस्ट्रॉम.
क्वार्ट्झचा स्फटिक अंगावर चढलेलं वजन
आपली थरथर मंदावून सांगतो.
चारशे हवेत.
दहा. सतरा. पंचवीस

लाईट गेली.

झडप हातानं फिरवून बंद केली.
पंप थांबल्यावर कळलं
खोलीत घड्याळ आहे ते.
‘गेलं का समदं?’ मामांनी अंधारातून विचारलं.
समदं नव्हतं गेलं. पंचवीस होते.

तीन आठवड्यांनी पुण्याहून चित्र आलं,
सुईनं आंधळ्यासारखं चाचपून काढलेलं.
निळं नव्हेच, मशीनच्या मर्जीनं मातकट.
बेटं. कोपरे फुटलेली, शेजारीशेजारी,
मधल्या फटीत नुसती काच.
सोन्याच्या पट्ट्या चढवल्या, चाळीस व्होल्टपर्यंत नेलं,
करंट नाही.
एकाही बेटानं दुसऱ्याला हात दिला नव्हता.

क्ष-किरणांतही शिखर नाही,
सर म्हणाले, टाकून दे.
मी डबीवर पेन्सिलीनं लिहिलं,
नमुना एकतीस, लाईट गेली, २५
आणि कपाटात मागे सारली.

अब्बांचं कथील कधी पुरायचं नाही.
पातेल्याचा तेवढा तुकडा तांबडा राहायचा.
ते लपवायचे नाहीत,
पैसे कमी घ्यायचे,
गिऱ्हाइकाचं बोट धरून तिथं टेकवायचे:
इथं आंबट ठेवू नका.