प्लास्टर रूम, बुधवार

सकाळचं पहिलं पाऊल मी भिंत धरून टाकतो.
टाचेत खिळा.
मोरीपर्यंत जाता जाता तो बोथट होतो.
बायको म्हणते, एकोणतीस वर्षं मेडिकलात
लोकायचे पाय बांधता,
सवताचा दाखवत नाही काऊन?

दाखवला की. सरांनी अंगठ्यानं दाबलं, मी ओरडलो.
"उईके, हाड वाढलंय थोडं, पण दुखतोय तो तळव्याचा पडदा.
भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची,
बाटलीत बर्फ करून तळव्याखाली फिरवायची."
हे तर मीच सांगतो रोज,
व्हरायटी चौकातल्या ट्रॅफिकच्या मॅडमला,
कळमन्यात संत्र्याचे क्रेट वाहणाऱ्या बाबारावला.
घरी बाटली गोठते
आणि पोरं पिऊन टाकतात.

बुधवार लहान पायांचा.
मौद्याहून पहिल्या बसनं आलेली दुर्गा निखारे,
मांडीवर तीन आठवड्यांचं पोर, केसपेपरवर नाव नाही,
नुसतं 'बेबी ऑफ'.
दोन्ही पावलं आत वळलेली,
तळवे एकमेकांकडे तोंड करून.
सासू दारातूनच म्हणाली,
गिऱ्हानात विळीवर बसली होती हे.
सर पायच बघत होते.
"ग्रहणानं होत नाही. विळीनं होत नाही.
हजारात एखाद्याला होतं, आणि सरळ होतं."
दुर्गा काहीच बोलली नाही.
पदराचं टोक पोरानं तोंडात घातलं होतं,
ते तिनं काढलं,
मग परत दिलं.

मे महिना. नळाचंच पाणी कोमट,
पट्टी भिजवली की हातातच आवळू लागते, घाई करावी लागते.
आधी कापूस, मग बोटांपासून जांघेपर्यंत पट्टी.
सर पाऊल धरतात, जोर नाही लावत,
जेवढं ते येईल तेवढंच बाहेर.
मी गुंडाळतो. कूलर गळतो. पोर मुततं.
ओलं प्लास्टर आतून गरम होतं,
आणि ते एकाएकी गप्प होतं.

दर बुधवारी जुनं भिजवून उकलायचं, नवं चढवायचं.
पाचव्यानंतर टाचेमागची शीर सुईएवढ्या छेदानं सोडली.
शेवटचं प्लास्टर तीन आठवड्यांचं.
मग पट्टीवर जोडलेले बूट,
तीन महिने रात्रंदिवस,
पुढे झोपेत, चार वर्षांचा होईस्तोवर.
हे शेवटचंच लोक सोडतात.
पाय बरा दिसतो ना, मग कशाला.
मी दुर्गाला दोनदा सांगितलं.
तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

जाताना म्हणाली, भाऊ, पहिलं प्लास्टर आहे का?
होतं, खिडकीत, धूळ खात,
स्वल्पविरामासारखं वाकडं.
फेकायचंच होतं. तिनं पिशवीत घातलं.
"घरी ठेवतो. दिसलं पाह्यजे."
कोणाला, ते नाही सांगितलं.
सासू बाहेर चप्पल शोधत होती.

मी स्टुलावरून उठलो.
बसून उठलं की खिळा पुन्हा नवा.
भिंत धरली.
त्या पोराला भिंत अजून ठाऊक नाही.
पुढच्या उन्हाळ्यात धरेल.