पोचपावती

रविवार होता, तरी पालिकेच्या पिवळ्या चिठ्ठ्या
मीच वाटल्या. बेचाळीस दारं.
कुठली घंटा बिघडलीय, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो,
हे या गल्लीत टपालवालीइतकं कुणाला ठाऊक?

तीन नंबरच्या फोग्टबाईंच्या परसात
गॅसची नळी बदलायला खणत होते.
नाशपातीच्या बुंध्याशी यंत्राचा पंजा टणकन वाजला.
अडीचशे किलो. चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरातला.
तिरका रुतलेला, तोंड स्वयंपाकघराकडे.
दहाच्या आत घर सोडा, असं चिठ्ठीत होतं,
खाली पालिकेचा शिक्का,
कुत्र्यांच्या कराच्या पावतीवर असतो तोच.

डेटलेफनं उंबऱ्यातच विचारलं, विमा कोण देणार?
मग विचारलं, किती वेळ?
मग आत जाऊन भट्टीतला केक बघून आला.
सेवगी धाकट्याला बूट घालत होती, डाव्या पायात उजवा,
आणि मोठा, यान्निस, टाचा उंचावून विचारत होता,
आवाज शाळेपर्यंत येईल ना?

एकोणीस नंबरला चिठ्ठी फटीतून सरकवली.
ती तशीच परत बाहेर आली.
"क्नोरबाख," मी म्हणाले, "सगळ्यांना सांगितलंय."
दाराआडून म्हातारा म्हणाला,
"गेल्या खेपेलाही सांगितलं होतं. तळघरात उतरा म्हणून.
रोजविटा सांगितलं तसं वागायची.
मी मांजर शोधत बसलो होतो."
पुढे काही बोलला नाही. मीही घड्याळ बघितलं नाही.
साडेनवाला अग्निशमनवाल्यांनी त्याला आणलं,
पायात सपाता, काखेत मुरंब्याची बरणी.

शाळेच्या व्यायामशाळेत रबराचा आणि सूपचा वास.
कुणी पत्ते काढले. कुणी म्हणालं, पालिकेला माहीत असायला हवं होतं,
कुणी म्हणालं, पालिकेला स्वतःचं छप्पर गळतं तेही माहीत नसतं.
डेटलेफ म्हणाला, इंग्रजांचं टपाल उशिरा का होईना, येतं बरं का,
आणि सगळे माझ्याकडे बघून हसले.
मीही हसले. काय करणार.
पण नाशपात्यांचं नाव कुणी काढेना.
दर सप्टेंबरात फोग्टबाई दारोदारी टोपली ठेवायच्या,
चाळीस वर्षं आम्ही ती फळं खाल्ली,
पोरांना शाळेच्या डब्यात दिली, आजाऱ्यांना शिजवून.
मला जिभेवर सारखं काहीतरी लोखंडासारखं येत होतं.
ते मनाचे खेळ. असतील.

फोग्टबाई भिंतीशी ताठ बसलेल्या, मांडीवर पर्स,
घर आपलं असूनही पाहुण्यासारख्या.
क्नोरबाखनं बरणी त्यांच्यापुढे ठेवली, झाकण उघडलं,
खिशातून चमचा काढला आणि
सगळ्यांदेखत खाऊ लागला. सावकाश. तळापर्यंत.

पाच वाजून दहा मिनिटांनी भोंगा वाजला, लांबलचक, एकदाच.
टाळ्या पडल्या. यान्निस रडायला लागला.
निकामी करणारा माणूस आला, चष्मा पुसत,
बुटांना भुसा चिकटलेला. झाड तोडावं लागलं, म्हणाला, माफ करा.
फोग्टबाईंनी एवढंच विचारलं, "मुळं?"
"चहूबाजूंनी," तो म्हणाला, आणि हातांनी काहीतरी दाखवायला गेला,
मग हात खिशात घातले. "करवतीनं सोडवावी लागली."

सोमवारी नेहमीचं टपाल. विजेची बिलं, एक लग्नपत्रिका,
डेटलेफला विमा कंपनीचं पाकीट, जाहिरातच होती.
तीन नंबरच्या परसात खड्ड्याभोवती फीत फडफडत होती,
आणि त्या बाजूनं गल्लीत इतकं ऊन येत होतं
की मला घरांचे नंबर वाचता येईनात.

एकोणीसचं दार मी पोचायच्या आधीच उघडलं.
क्नोरबाखनं कालची पिवळी चिठ्ठी पुढे केली,
घडी उलगडून सपाट केलेली.
खाली, मिळाल्याची सही करायच्या जागी,
शाळकरी गोल अक्षरात
रोजविटा क्नोरबाख.

ही परत कुठे पाठवतात, ते आमच्या नियमांच्या पुस्तकात नाही.
"ठीक आहे," मी म्हणाले, आणि पिशवीत टाकली.