अर्धा र

बोराबाजारात, दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या मागच्या खोपटात
अजून तो जुना संगणक आहे.
‘शलाका’ फॉन्टचं डोंगल फक्त त्याच्याच पाठीत बसतं.
मालक म्हणतात, रेमंड, भंगारात दे.
मी म्हणतो, मग पत्रिका कोण लावणार, तुमचा भाचा?

बाई आल्या त्या दुपारी लाइट नुकतीच आली होती.
पिशवीतून पेपरात गुंडाळलेली पितळी पाटी काढली,
टेबलावर उपडी ठेवली. मग उलथी केली.
१७०३. दमयंती कर्हाडे.
“वाचा.”
वाचलं मी. कऱ्हाडे.
“ते तुम्ही मनातलं वाचलंत. पाटीवरचं वाचा.”
जीभ क-वर अडली, र-ला आपटली,
आणि तोंडातून नुसती हाडं बाहेर आली.

बाई हसल्या नाहीत.
एकतीस वर्षं ठाकुरद्वारच्या छापखान्यात
लोकांच्या नावांवरचे चुकीचे रफार
त्यांनी लाल पेनानं उतरवले होते.
आता मुगभाटातली बिल्डिंग पाडून टॉवर झाला,
सतरावा मजला मिळाला,
आणि दारावर हे.
“फॉन्टमध्ये नाही, म्हणतो बिल्डरचा पोरगा.
मी विचारलं, बघितलंस का?”

मीही बघितलं नव्हतं.
ऱ्य जोडून येतो किबोर्डवर,
दुसऱ्या, तिसऱ्या, पायऱ्या, सगळं निघतं.
ह आला की अडतं.

स्टार्ट. ॲक्सेसरीज. सिस्टीम टूल्स. कॅरॅक्टर मॅप.
बाईंनी स्टूल ओढलं.
चौकटीच चौकटी, प्रत्येकीत एक अक्षर,
पण बाराखडीचा पत्ता नाही.
ढ डॉलरच्या घरात. ळ पौंडाच्या.
ज्ञ जिथे राहतो तिथे खरा कोणी डेन्मार्कचा ओ,
पोटात आडवी रेघ असलेला.
“हे काय, सगळे पोटभाडेकरू?”
हो बाई. ज्यानं फॉन्ट केला
त्याला इंग्रजीतली जी खोली रिकामी दिसली
तिथे त्यानं आपलं माणूस घुसवलं. पागडी न देता.

चौकटीवर माउस दाबून धरला की अक्षर फुगतं.
त्या बोट दाखवत गेल्या, मी दाबत गेलो.
हे? द्य.
हे? ह्म, ब्रह्मातला.
हे?
तेरा वर्षं झाली, माहीत नाही.
“लृ. क्लृप्ती लिहायला.”
कोणी लिहीत नाही बाई.
“म्हणून काय त्यानं जागा सोडायची?”

शेवटच्या ओळीत, कडेपासून दुसरी चौकट.
एक वाकडी, आडवी पडलेली रेघ,
नखाच्या कापलेल्या तुकड्याएवढी.
ही मी रोज बघत होतो. काचेवरचा डाग समजून
दोनदा रुमालानं पुसलीही होती.
दाबली. फुगली.
बाईंचा श्वास ऐकू आला.

खाली कोपऱ्यात लिहिलेलं, अल्ट शून्य दोन तीन चार.
पेन्सिलीनं भिंतीवर उतरवून घेतलं.
मग क, मग ती रेघ, मग हाडे.
दोनशे पॉइंटात, अख्ख्या पडद्यावर, रफार नाही.
बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.
“ह जरा लांब पडलाय. जवळ घ्या.”
घेतला.
“अजून केसभर.”

चाळीस रुपये झाले. पावती मागितली.
नाव मी हातानं लिहिलं,
आणि हातानं न विचारता बरोबर लिहिलं.
जुनी पाटी न्यायला तयार नव्हत्या.
पंखा लागला की आता कागद तिच्याखाली असतात.

त्या रात्री घरी जाताना मोजत होतो,
तेरा वर्षं, म्हणजे लगीनसराया किती,
किती वऱ्हाडं माझ्या हातून
डोक्यावर रफार घेऊन मांडवात शिरली.
विरारपर्यंत मोजून संपली नाहीत.

सकाळी डोंबिवलीची पत्रिका होती.
समस्त वऱ्हाडी मंडळींना.
डावा अंगठा अल्टवर. शून्य. दोन. तीन. चार.
गिऱ्हाइकानं प्रिंट उजेडात धरून बघितली,
गणपती थोडा मोठा करा म्हणालं,
पैसे दिले.