जतकडली माती

चैत्रात सड्यावर वारा सुटला तेव्हा
आभाळात ढग नव्हता एकही.
घाट उतरून थेट आला पूर्वेकडून
आणि चिरेखाणीवरचे सात पत्रे
पिसलेल्या पत्त्यांसारखे
आमच्या कलमांत फेकले त्याने.

कैऱ्या रात्रभर पडत होत्या.
धप्प. मग बराच वेळ काही नाही.
मग धप्प, धप्प.
तिसऱ्या कलमाशी आम्ही मोजणं सोडलं.

उजाडताच इरप्पा आला पत्रा शोधत,
मागे निंगव्वा, हातात तवा.
तव्यावरची धूळ तिने बोटाने पुसली,
जिभेला लावली.
"तुमची तांबडी न्हवं ही.
आमच्या जतकडली हाय."

पत्रा मिळाला काजूत अडकलेला,
मधोमध दुमडून द्रोणासारखा.
त्यात तिने खालच्या कैऱ्या भरल्या,
न विचारता.

मी दुसरीकडे बघत राहिलो,
दात कचकचत होते माझेही.